नदीच्या नावाने पाणी : सिंचनाचा वाटा सोडण्याचा प्रश्न कुठवर आला आहे?

एप्रिल-मे महिन्यात खानदेशातली एखादी नदी वाहती दिसली, तर समजावे की पिण्याच्या पाण्याचे आवर्तन सुटले आहे. गिरणेचे उदाहरण सगळ्यांच्या पाहण्यातले. नांदगाव तालुक्यातल्या धरणातून पाणी थेट नदीपात्रात सोडतात. ते वाळू भिजवत, खड्डे भरत, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करत खाली सरकते. काठावरच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींना दोन-तीन आठवड्यांचा जीव येतो. या काळात दोन्ही काठांवरच्या शेतीपंपांची वीज तोडण्याचे आदेश निघतात, कारण त्याशिवाय पाणी शेवटच्या गावाला पोचतच नाही. चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या शिवेवरून वाहणाऱ्या अनेर नदीवरही पाण्याची मागणी याच भाषेत होते : पात्रात पाणी सोडा, काठच्या गावांच्या विहिरी कोरड्या पडल्या आहेत.

त्या दिवसांत डोहातल्या माशांनाही पाणी मिळते. कागदावर मात्र ते पाणी माणसांसाठी आणि गुरांसाठी असते, मासा कुठेच नसतो. शेतीसाठी मंजूर झालेल्या पाण्यातला काही वाटा शेतकऱ्याने राजीखुशीने, मोबदला घेऊन किंवा न घेता, नदीच्या नावाने सोडावा का? आणि सोडायचा म्हटला तर सोडता येतो का? अमेरिकेच्या पश्चिम भागात हा प्रश्न पन्नास वर्षे चर्चेत आहे, ऑस्ट्रेलियात त्यावर सरकारने अब्जावधी डॉलर खर्च केले. आपल्याकडे तो अजून नीट विचारला गेलेला नाही. पण त्याचे तुकडे आपल्याच कायद्यांत आणि आपल्याच बंधाऱ्यांवर विखुरलेले सापडतात.

मूळ कल्पना कुठली

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत पाण्याचा हक्क 'जो आधी आला त्याचा आधी' या तत्त्वावर चालतो. ज्याच्या आजोबाने आधी पाट काढला, त्याची पाळी टंचाईत पहिली. हक्क टिकवायचा तर पाणी वापरले पाहिजे. ओरेगॉन राज्यात सलग पाच वर्षे वापर नसेल तर हक्क जाऊ शकतो. आणि 'वापर' म्हणजे नदीतून पाणी बाहेर काढणे, असाच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या लावला गेला. नदीत राहिलेले पाणी म्हणजे न वापरलेले पाणी. साहजिकच उन्हाळ्याच्या अखेरीस ओढे कोरडे पडत आणि अंडी घालायला वर येणारे मासे वाटेतच अडकत.

कोलोरॅडोने १९७३ मध्ये प्रवाहातच ठेवलेल्या पाण्याला कायद्यात जागा दिली. ओरेगॉनने १९८७ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले : शेतकरी आपला हक्क विकू शकतो, भाडेपट्ट्याने देऊ शकतो किंवा दान करू शकतो, आणि ते पाणी प्रवाहात राहिले तरी त्याचा ज्येष्ठताक्रम कायम राहतो. १९९३ मध्ये तिथे यासाठी खास न्यास उभा राहिला, ओरेगॉन वॉटर ट्रस्ट. त्याचा सुरुवातीचा एक व्यवहार १९९४ सालचा, बक हॉलो नावाच्या ओढ्यावरचा. तिथल्या एका पशुपालकाने आपले पाणी ओढ्यात राहू दिले. त्या पाण्यावर तो गुरांसाठी गवत पिकवत असे, म्हणून न्यासाने मोबदल्यात त्याला विकतचा चारा दिला. पाण्याच्या बदल्यात कडबा, हा हिशेब आपल्याकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

या दानशूरपणात थोडा स्वार्थही आहे, आणि त्यात काही वाईट नाही. भाडेपट्ट्याने नदीला दिलेले पाणी कायद्याच्या दृष्टीने 'वापरलेले' धरले जाते. त्यामुळे ज्याला एखाद्या वर्षी पेरणी करायची नाही, त्याचा हक्क शाबूत राहतो. तिथे पुष्कळ शेतकरी एक पैसाही न घेता पाणी देतात, त्यामागे हे मोठे कारण आहे. कायद्यातली 'वापरा नाही तर गमवा' ही खोच उलटी फिरवून नदीच्या कामी लावली गेली.

ऑस्ट्रेलियाचा रस्ता वेगळा. तिथे जमिनीपासून पाण्याचा हक्क आधीच सुटा केलेला होता आणि त्याचा बाजार चालू होता. २००७ च्या जल कायद्याने केंद्र सरकारच्या वतीने पर्यावरणासाठी पाणी बाळगणारा एक वैधानिक अधिकारीच नेमला. २०१२ च्या मरे-डार्लिंग खोरे आराखड्याने वर्षाला २,७५० दलघमी पाणी शेतीकडून नदीकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठरवले. हे साधारण ९७ टीएमसी होते. तापी खोऱ्यात महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले पाणी १९१.४ टीएमसी आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे उद्दिष्ट जवळजवळ त्याच्या निम्मे. हे सुखासुखी झाले नाही. आराखड्याचा पहिला मसुदा आला तेव्हा २०१० मध्ये ग्रिफिथ गावात शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. पाणी विकून शेतकरी मोकळा झाला, पण गावातले दुकान, शाळा, जिनिंगमधला मजूर यांचे काय, हा त्यांचा सवाल होता. सरकारने पुढे पाणीखरेदीवर मर्यादा घातली आणि २०२३ च्या कायद्याने ती पुन्हा उठवली. तिथेही वाद मिटलेला नाही.

आपल्या कायद्यात काय आहे

आपल्याकडे पाटाचे पाणी घेण्याची जुनी रीत मुंबई पाटबंधारे कायदा, १८७९ पासूनची. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याने ती पुढे चालवली. हंगामाच्या आधी पाणीमागणीचा नमुना नंबर ७ भरायचा, गट नंबर, पीक, क्षेत्र लिहायचे, थकबाकी भरायची. मंजुरी आली की पाळी. या व्यवस्थेत शेतकऱ्याकडे हक्क असतो असे म्हणणे धाडसाचेच. असते ती त्या हंगामापुरती, त्या पिकापुरती परवानगी. ती न वापरली तर तुमचे पाणी चारीवरच्या पुढच्या माणसाला जाते किंवा धरणात राहते. नदीला जात नाही. म्हणजे सोडायला हातात काही असावे लागते, तेच इथे नाही.

हे चित्र २००५ मध्ये दोन कायद्यांनी बदलायला घेतले. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा पाणीवापर संस्थांना घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी द्यायला सांगतो. संस्थेने ते कोणत्या पिकाला वापरावे यावर बंधन नाही. दुसरा कायदा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. त्यात 'हक्कदारी' ही संकल्पना आली : पाण्याची मालकी नव्हे, वापराचा हक्क. ही हक्कदारी वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर, प्राधिकरणाच्या निकषांनुसार हस्तांतरित करता येईल, विकता येईल, अशी तरतूद आहे. देशात असे नियामक प्राधिकरण प्रथम महाराष्ट्रानेच नेमले. कागदावर पाहिले तर पाणीवापर संस्थेने आपल्या कोट्यातले काही पाणी दुसऱ्याला देण्याचा दरवाजा इथे किलकिला झाला. पण घेणारा कोण असू शकतो? कारखाना, नगरपालिका, दुसरी संस्था. नदी त्या यादीत बसत नाही.

धोरणांत मात्र नदी अधूनमधून डोकावते. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीने प्राधान्यक्रमात पर्यावरणाला स्थान दिले. २०१२ च्या नीतीने नदीप्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखून ठेवावा असे म्हटले. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टंचाईच्या काळातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी नद्यांत राहिले पाहिजे, असे सांगितले. २०१८ मध्ये केंद्राने गंगेसाठी किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. आपल्या शेजारच्या नर्मदेत सरदार सरोवराखाली ६०० क्युसेकचा प्रवाह सोडायचे ठरले होते. तापीच्या खोऱ्यात अशी रेघ कुणी ओढलेली नाही.

हरित लवादाचा आकडा अनेरला लावून पाहा. सातपुड्यातून येणाऱ्या या नदीत मार्चनंतर नैसर्गिक प्रवाह नावापुरताच उरतो. नावापुरत्या पाण्याचे पंधरा टक्के म्हणजे किती? ओढ्यात किती पाणी हवे हे ठरवणारी टेनंट यांची १९७६ ची प्रसिद्ध पद्धत वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्क्यांना किमान मानते, पण ती अमेरिकेतल्या थंड, बारमाही ओढ्यांचा अभ्यास करून बसवलेली. चार महिने दुथडी आणि आठ महिने डोह, अशा नदीला ती पायात बसत नाही.

आपल्याकडच्या खुणा

पांझरा, मोसम, आरम, कान या नद्यांवरची फड पद्धती तीन-चारशे वर्षांची. नदीवर ठेंगणा बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळे बसून एखादा फड पडीक ठेवायचे. एकट्याच्या वाट्याला नुकसान येऊ नये म्हणून प्रत्येकाची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत असे. या पद्धतीचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत, त्यात भर घालत नाही. एवढेच पाहण्यासारखे की हे बंधारे ठेंगणे होते. पाटात मावेल तेवढे घेऊन उरलेले पाणी सांडव्यावरून पुढच्या बंधाऱ्याकडे जाई. नदी राखायचा कुणाचा हेतू नव्हता, पण बांधणीतच नदीचा वाटा होता. वरच्या अंगाला मोठी धरणे झाली तशी ही साखळी तुटत गेली.

दुसरी खूण नाशिक जिल्ह्यातली, वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातल्या ओझरची. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी तीन पाणीवापर संस्था काढल्या. त्यांनी मोजून मिळणाऱ्या पाण्यातला काही भाग शेतात न नेता नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडला. विहिरी भरल्या, आणि विहिरीवर भिजवणाऱ्यांकडूनही संस्थेने पट्टी घेतली. सिंचनाचे पाणी ठरवून ओढ्यात सोडण्याचे, त्याचा हिशेब ठेवण्याचे आणि त्यावर गावाची सहमती मिळवण्याचे महाराष्ट्रातले मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण हेच. उद्देश विहिरींचा होता, जीवसृष्टीचा नव्हे, हे खरे. पण 'नाल्यात सोडलेले पाणी वाया जाते' ही समजूत शेतकऱ्यांनी स्वतःच मोडली.

तिसरी खूण त्याआधीची. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरावर नव्हे तर घरातल्या माणशी, आणि भूमिहीनालाही. जमिनीपासून पाणी वेगळे करता येते हे त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बाजारापेक्षा फार वेगळ्या हेतूने दाखवले. जमीन नसलेल्याला वाटा असू शकतो, तर पात्राला का नसावा, असा प्रश्न त्यातून निघू शकतो. तो कुणी फारसा पुढे नेला नाही.

कोण काय म्हणते

पाटबंधारे खात्यातल्या जुन्या अभियंत्याशी बोला. तो पहिल्यांदा सिंचनाचा अनुशेष काढेल. वाट्याचे १९१.४ टीएमसी आपण अजून पुरते अडवलेले नाही, पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडावे लागतात आणि पाणी गुजरातेतल्या उकाई धरणाकडे निघून जाते. मग आधी अडवा, नदीचे नंतर पाहू. या म्हणण्यात तथ्य आहे. पावसाळ्यात वाहून जाणारे आणि मे महिन्यात नसलेले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साठवण झाल्याशिवाय उन्हाळ्यात सोडायलाही काही नसते. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात झालेला तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार याच विचाराचा, फक्त साठा धरणात न करता भूगर्भात करायचा.

शेतकऱ्याचे म्हणणे त्याहून साधे. हतनूरच्या उजव्या कालव्यावर धानोरा-अडावदकडचा माणूस सांगेल, माझ्या चारीला पाणी येते ते पाळी संपता संपता, मी काय दान करू? केळीला एक पाळी चुकली तर घड पोसत नाही. कारखान्यांच्या आणि वीज केंद्राच्या पाण्याला कोणी हात लावत नाही, शहरांच्या गळक्या नळांना कोणी विचारत नाही, त्याग मात्र नेहमी शेतकऱ्यानेच करायचा. ही तक्रार नुसती भावनिक नाही. नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने शेती, उद्योग, पिण्याचे पाणी अशी वाटणी ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला. शेतकऱ्याने नदीसाठी सोडलेले पाणी उद्या एखाद्या औद्योगिक वसाहतीकडे वळणार नाही, याची हमी आज कोणी देऊ शकत नाही. माझ्या मते सगळ्या आक्षेपांत हा सर्वांत वजनदार.

निसर्ग अभ्यासकांचे म्हणणे पाण्याच्या प्रमाणाइतकेच वेळेविषयी आहे. तापीच्या वाळूच्या बेटांवर उन्हाळ्यात नदीसुरय अंडी घालतो. वाळूत एक उथळ खळगा, त्यात ठिपक्यांची दोन-तीन अंडी, एवढेच घरटे. मे महिन्यात अचानक सुटलेले मोठे आवर्तन ते धुऊन नेते. माशांना उलट पहिल्या पावसाच्या वेळी वर चढायला सलग प्रवाह लागतो आणि उन्हाळा काढायला खोल डोह. म्हणजे एकदम सोडलेले पुष्कळ पाणी नदीला भलतेच नडू शकते, आणि थोडे पण सतत पाणी एक डोह जगवू शकते. तापीकाठचे भोई आणि कोळी हे पुस्तक न वाचता सांगतात. या चर्चेत त्यांना क्वचितच बोलावले जाते.

चौथी बाजू बाजाराला विरोध करणाऱ्यांची. पुण्याच्या 'प्रयास'ने नियमन कायदा आल्यापासून हक्कदारीच्या खरेदी-विक्रीवर प्रश्न उभे केले : पाणी विकाऊ झाले की ते पैसेवाल्याकडेच वाहणार. 'सोपेकॉम'सारख्या संस्था समन्यायी वाटपाचा आग्रह धरतात. आधी सगळ्यांना उपजीविकेपुरते पाणी, मग उरलेल्याचा विचार. प्रदीप पुरंदरे यांच्यासारखे अभ्यासक आणखी मुळाशी जातात. १९७६ च्या कायद्याचे नियमच धड झालेले नाहीत, मोजमाप नाही, तर हक्काच्या गप्पा कशाच्या बळावर? हा मुद्दा कोणत्याही बाजूला असलेल्याने गिळावाच लागतो. न मोजलेले पाणी विकता येत नाही तसे दानही करता येत नाही.

न सुटलेले

चोपडा, यावल, रावेरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून खळाळत आलेला ओढा या पट्ट्यात शिरला की काही अंतरात जिरून जातो. इथे नदीला दिलेले पाणी नदीत दिसेल की नाही, हेच सांगता येत नाही. ते खाली जिरेल, आणि तिथे आधीच शेकडो फूट खोल गेलेल्या कूपनलिका वाट पाहत असतील. भूजलाचा कायदा २००९ चा, तो अमलात आला २०१४ मध्ये. पण विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याला पाटाच्या पाण्यासारखा कोटा नाही. पाटाचे पाणी सोडणारा शेतकरी एका हाताने देईल आणि शेजाऱ्याचा पंप दुसऱ्या हाताने उपसेल. गिरणेच्या आवर्तनात वीज तोडावी लागते ती याचसाठी.

ठिबकचे गणितही इतके सरळ नाही. जळगाव जिल्हा ठिबकचा, केळीला थेंब थेंब देण्याचा. वाचलेले पाणी नदीला मिळेल, हा युक्तिवाद ऐकायला बरा. पण २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिंचनाची कार्यक्षमता वाढली म्हणून खोऱ्यात पाणी उरतेच असे नाही. बहुधा तेवढ्याच पाण्यात जास्त क्षेत्र भिजते. शिवाय मोकाट दिलेल्या पाण्यातून झिरपून विहिरींना आणि ओढ्याला परत मिळणारा भाग ठिबकमध्ये कमी होतो. आमच्याकडे एका विहिरीवर दोन एकर केळीची चार एकर कशी झाली, हे प्रत्येक गावाला माहीत आहे.

मग नदीच्या वतीने पाणी धरायचे कोणी? ग्रामपंचायतीने, तापी पाटबंधारे विकास महामंडळाने, की एखाद्या न्यासाने? उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गंगेला व्यक्तीचा दर्जा दिला आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नदीला माणूस ठरवण्यापेक्षा नदीच्या नावाने खाते उघडणे सोपे पडेल, असे मला वाटते. पाणीवापर संस्थेच्या वहीत जसे सभासदांचे पाणी मांडतात, तसेच एक पान पात्राचे. त्या पानावर किती लिहायचे, हे प्रत्येक नदीचे डोह मोजून ठरवावे लागेल. अनेरसाठी ते अजून ठरलेले नाही आणि बारमाही प्रवाहाची मागणी इथे मुळातच चुकीची ठरेल.

मोबदल्याचा प्रश्न उरतोच. पीक सोडणाऱ्याला पैसे, चारा की पाणीपट्टीत सूट? सरकारने द्यायचे की खालच्या गावांनी, ज्यांच्या विहिरी भरतात? ओझरच्या संस्थांनी विहीरवाल्यांकडून पट्टी घेऊन एक वाट दाखवली, पण त्यांच्यापुढे भरलेली विहीर होती. जगलेल्या माशाची पट्टी कोण भरणार?

दरवर्षी १५ ऑक्टोबरचा धरणसाठा धरून रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांचा कार्यक्रम ठरतो आणि तो कालवा सल्लागार समितीपुढे येतो. चोपडा तालुक्यातल्या एखाद्या पाणीवापर संस्थेने आपल्या कोट्यातली एक पाळी, किंवा तिचा चौथा हिस्सा, एका हंगामापुरता ठरावीक डोहासाठी सोडण्याचा ठराव त्या बैठकीत मांडायचा म्हटले, तर त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. लागतो तो संस्थेचा ठराव, चारीच्या तोंडाशी चालू स्थितीतले मोजमाप, आणि आवर्तनाचे पंधरा दिवस पात्रावरचे पंप बंद ठेवायची काठच्या गावांची तयारी.